तीन चाकांची बाबागाडी आणि सतवासचे रस्ते

मंडळाच्या गेल्या दोन कार्यक्रमांत मिळून चार जणांनी मला एकच प्रश्न विचारला. बाळाला घेऊन पहिल्यांदा भारतात निघालोय, बाबागाडी न्यावी का? आणि न्यायची तर कुठली? चौघांनाही मी "निवांत सांगतो" म्हणालो, आणि आपल्या कार्यक्रमांत निवांतपणा कधी मिळतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून हे लिहितोय. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या सोसायटीत उतरणार असाल तर माझा फार उपयोग नाही. तिथे लिफ्ट असते, आवारात पेव्हर ब्लॉक असतात, आणि खालच्या मजल्यावर कुणाची ना कुणाची गाडी माळ्यावर पडलेली असतेच. मी लिहितोय ते सतवासबद्दल.

सतवास मध्य प्रदेशात, देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला. माळव्याचं पठार संपलं, विंध्याचा उतार उतरला की नर्मदेचं खोरं लागतं, त्या खोऱ्यातलं हे गाव. नगर परिषद आहे, मोठा बाजार आहे, रेल्वे नाही. इंदूरहून बैतूलकडे जाणाऱ्या महामार्गाने चापडा, पुढे घाट उतरून कन्नौद, आणि तिथून आत वळायचं. अडीच ते तीन तास लागतात. होळकर, शिंदे, पवार यांच्या मागोमाग जी मराठी घरं माळव्यात गेली त्यांतलं आमचं एक. इंदूर-देवास-धारला अशी घरं गल्लोगल्ली आहेत, सतवाससारख्या गावात मोजकी. घरात मराठी, ओट्यावर हिंदी आणि शेतावर माळवी, अशा तीन भाषा आमची आजी दिवसभर उंबरठ्यागणिक बदलत असते.

गावाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण लहानपणी आम्हाला झोपवायला तीच सांगितली जायची. नर्मदाकाठचा हा पट्टा दोनशे वर्षांपूर्वी पेंढाऱ्यांचा. त्यांचा सरदार चितू याचं ठाणं इथून जवळ, नेमावरला होतं. १८१७-१८ च्या मोहिमेत इंग्रजांनी पेंढाऱ्यांना पांगवलं, चितू रानोमाळ पळत राहिला आणि १८१९ साली जंगलात वाघाने त्याला मारलं. आजीच्या गोष्टीत तो वाघ आमच्या शेताच्या बांधावरूनच गेलेला असायचा.

तर ही आजी. वय ८४. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, इंदूरला शस्त्रक्रिया झाली. हाड जुळलं, पण भीती बसली. ओट्याच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर जाणं तिने बंद केलं. घरातल्या घरात काठी घेऊन चालते. आमची लेक झाली तेव्हापासून फोनवर एकच धोशा होता, बोरन्हाण सतवासच्या घरात करायचं. मी पालक-रजेचे दोन महिने त्यासाठीच राखून ठेवले. लेक जानेवारीत नऊ महिन्यांची होणार होती, वजन साडेआठ किलो. बायकोचं सिझेरियन झालेलं, पाठ अजून धरत होती. निघायच्या महिनाभर आधी आजीने फोनवर विचारलं, "मला तर कुणी तिला उचलू देणार नाही. पण फिरवता तरी येईल ना रे?"

या वाक्याने माझी खरेदीची यादी पार बदलली. तोवर मी बाळाचा आणि रस्त्याचा विचार करत होतो. आता गाडी ढकलणारी व्यक्ती ८४ वर्षांची असणार होती.

म्युनिकमध्ये आमच्याकडे एक हलकी, छत्रीसारखी मिटणारी चार चाकांची गाडी होती. या प्रकारच्या गाडीचा जनक ओवेन मॅक्लॅरेन नावाचा ब्रिटिश विमान-अभियंता. स्पिटफायर विमानाच्या मिटणाऱ्या चाकांवर त्याने काम केलं होतं, आणि निवृत्तीनंतर १९६५ साली ती मिटण्याची करामत बाबागाडीत आणली. पहिली गाडी भरली तीन किलोहून कमी. विमानतळ, यू-बान, मॉल यांसाठी तिच्यासारखी दुसरी नाही. पण तिची चाकं वाटीएवढी. सतवासच्या आमच्या गल्लीचा व्हिडिओ मी चुलतभावाकडून मागवला, तो तिथे चालत गेला आणि मोबाइल खाली धरून आला. सिमेंटचा रस्ता, मधेच उखडलेला तुकडा, गटारावर टाकलेल्या फरश्या आणि त्यांच्यामधल्या फटी, एक गतिरोधक जो कुणीतरी स्वतःच्या हिमतीवर घातलाय, आणि बाजाराच्या पुढे नुसती काळी माती.

मी बी.ई. मेकॅनिकल. पोट सॉफ्टवेअरवर भरतं, त्यामुळे पदवीतलं काही वापरायची संधी आली की सोडत नाही. हिशेब सोपा आहे. रस्त्यात तीन सेंटिमीटरचा उंचवटा आला आणि पुढच्या चाकावर सहा किलोचा भार आहे असं धरा. चाक १५ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर ते नुसतं सरळ ढकलून चढवायला साधारण आठ किलोचा आडवा जोर लागतो. तेच चाक ३० सेंटिमीटरचं असेल तर साडेचार किलो पुरतो. म्हणजे निम्म्याच्या थोडा वर. आपण तरुण माणसं अशा वेळी हँडल खाली दाबून पुढचं चाक उचलतो, हिशेबाची गरजच पडत नाही. ८४ वर्षांच्या बाईने हँडलवर असा भार टाकणं मला नको होतं. म्हणून मोठं चाक ही पहिली अट झाली.

मोठी चाकं आली की तीन चाकी गाड्या आल्या. त्यांचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावी फिल बेकलर नावाच्या गृहस्थाला पळायला जाताना मुलाला बरोबर न्यायचं होतं, म्हणून १९८४ साली त्याने बाबागाडीला सायकलची चाकं लावली आणि 'बेबी जॉगर' जन्माला आली. पुढे १९९० च्या दशकात न्यूझीलंडच्या डोंगरवाटांसाठी याच जातीच्या दणकट गाड्या बनायला लागल्या. आपल्याकडे इसारच्या काठाने खडीच्या वाटेवर रविवारी ज्या धावताना दिसतात त्या याच.

तीन चाकांचा फायदा आपल्याला तिवईमुळे माहीत आहे. चार पायांचं टेबल उंचसखल जमिनीवर डुगडुगतं, तिवई कधीच नाही. तीन बिंदू नेहमी जमिनीला टेकतात. खडबडीत रस्त्यावर चार चाकी गाडीचं एक चाक सतत हवेत लटकत असतं आणि सगळी चौकट पिळवटते, तो त्रास इथे नाही. पण तिवईचा तोटाही तिथेच आहे. टेकू त्रिकोणाचा असतो, चौकोनाचा नाही. पुढच्या बाजूला डावी-उजवीकडे आधार कमी, म्हणून मागचं एक चाक खोलगट जागेत गेलं आणि त्याच वेळी तुम्ही झटक्याने वळलात तर गाडी कोपऱ्यावर कलंडू शकते. ती बुटकी, मागे रुंद आणि बाळाची बैठक खाली असलेली हवी. दुकानात गाडीला कडेने ढकलून बघा, लाजू नका. विक्रेता बघतो, बघू दे.

आता पुढचं चाक. काही गाड्यांत ते मोकळं फिरतं, काहींत सरळ कायम बसवलेलं असतं, आणि बऱ्याचशांत दोन्ही सोयी असतात, एक खटका दाबला की चाक सरळ अडकतं. घ्यायची तर ही तिसरी. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर मोकळं चाक एका बोटाने वळतं आणि आपण भाळतो. खड्ड्यात तेच चाक आडवं होतं आणि गाडी जागीच थबकते. सरळ अडकवलेलं चाक असलं की गाडी रेषेत जाते, भरकटत नाही. वळवायला मागच्या चाकांवर थोडं तोलावं लागतं, ते काम बरोबरच्या माणसाचं.

हे पुढचं चाक काढता-घालता येणारं असेल तर त्याच्या आट्याकडे नीट बघा. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१८ साली एका नावाजलेल्या कंपनीविरुद्ध याच कारणाने कारवाई केली होती. चाक नीट न आवळल्यामुळे चालत्या गाडीतून सुटल्याच्या सुमारे २०० तक्रारी आल्या होत्या. जुनी गाडी घेणाऱ्याने हे तपासायलाच हवं. मी जुनीच घेतली, १४० युरोला. चौकटीवर युरोपीय मानक ईएन १८८८ चा उल्लेख, पाच पट्ट्यांचा बंद, त्याचं बक्कल बाळाच्या हाताने न उघडणारं, पायाने दाबायचा ब्रेक दोन्ही मागच्या चाकांना एकदम लागणारा, आणि मनगटात अडकवायचा पट्टा. एवढं जागेवर असलं तर कापडावरच्या डागांकडे मी बघत नाही.

माझी सगळ्यात लांबलेली चर्चा टायरवरून झाली. ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्यांचं मत होतं, फोमचे घे, पंक्चरची कटकट नाही. इथल्यापुरतं ते बरोबर आहे. सतवासला जागोजागी बाभळी आहेत, म्हणजे काट्यांचा हिशेबही फोमच्याच बाजूने पडतो. तरी मी हवेचे घेतले. फोम दणका थेट चौकटीला देतो आणि चौकट बाळाच्या पाठीला देते. शिवाय फोमचा तुकडा उडाला की अख्खं चाक बदलावं लागतं, आणि ते चाक सतवासला कुठून आणणार? हवेचा टायर पंक्चर होतो, पण पंक्चर काढता येतं. माझ्या गाडीच्या ट्यूबवर आकडा होता, १२ १/२ गुणिले २ १/४. चुलतभावाला फोटो पाठवला. तो गावातल्या सायकलवाल्याकडे गेला आणि दहा मिनिटांत फोन केला, "अरे, ही तर लहान मुलांच्या सायकलची ट्यूब. मागच्या खोलीत ढीग आहे त्याच्याकडे." तिथेच निर्णय झाला.

शेवटचं माप दाराचं. जुन्या घराचं दोन फळ्यांचं दार, एक फळी उघडली तर आत येतं फक्त माणूस आणि मांजर. दोन्ही उघडून ७६ सेंटिमीटर. माझी गाडी ६२. वजन अकरा किलो, हे तिचं मुख्य न्यून, आणि ते पहिल्याच दिवशी कळलं. विमानाच्या दारापर्यंत गाडी नेता आली. तुमच्या विमान कंपनीचा नियम आधी विचारून घ्या, सगळ्यांचा सारखा नसतो. इंदूरला उतरलो तर भावाच्या गाडीच्या डिकीत सीएनजीची टाकी! बाबागाडीची तिन्ही चाकं काढली, दोन आमच्या पायाशी आली, एक बायकोच्या मांडीवर, आणि चौकट वरच्या कॅरियरला बांधली. लेक झोपली होती. चापड्याला चहाला थांबलो तेव्हा टपरीवाल्याने मांडीवरचं चाक बघून विचारलं, "सायकल कहाँ है?"

सतवासमध्ये बाबागाडी कुणी बघितली नव्हती असं नाही. इंदूरला माहेर असलेल्या सुना प्लॅस्टिकच्या छोट्या गाड्या आणतात, त्या महिनाभर अंगणात फिरतात आणि मग त्यांत कपडे वाळतात. एवढी मोठी, सायकलचं टायर असलेली मात्र नवीन होती. त्याहून नवीन म्हणजे ती ढकलणारा बाप. पहिले दोन दिवस मी बाजारातून गेलो की दुकानदार गल्ल्यावरून वाकून बघायचे. "भैया, कित्ते की पड़ी?" हा प्रश्न रोज. जुनी आहे म्हटलं तर कुणाला पटायचं नाही. शेजारच्या एका काकूंनी सरळ मराठीतच ऐकवलं, "लेकरू कडेवर घ्यायचं सोडून हे काय गाड्यावर घालून विकायला काढलंय?" बायको हसली. पण त्याच काकूंनी आठ दिवसांनी स्वतःच्या नातवाला "जरा बसवून बघू" म्हणून गाडीत बसवलं आणि गल्लीला दोन फेऱ्या मारल्या.

रस्त्याने गाडीची परीक्षा रोज घेतली. सिमेंटवर ती लोण्यासारखी. फरश्यांच्या फटीत बारीक चाक अडकलं असतं, हे सहज ओलांडून जायचं. गतिरोधकाला तिरकं न जाता समोरून, सावकाश जायचं. बाजारच्या दिवशी मात्र गाडी नेणं शहाणपणाचं नाही. मोटरसायकली, शेळ्या, भाजीच्या पथाऱ्या, आणि बाळाचं तोंड नेमकं सायलेन्सरच्या उंचीला. त्या दिवशी मी लेकीला छातीशी बांधून नेत असे. आणखी एक, हँडलला भाजीची पिशवी लटकवायचा मोह होतो. करू नका. पिशवी मागच्या चाकांच्या मागे लोंबते, बाळाला उचललंत की पुढची बाजू हलकी होते आणि गाडी मागे पडते. सामान बैठकीखालच्या टोपलीतच ठेवायचं.

जानेवारीत तिथे सकाळी चांगली थंडी असते आणि दुपारी ऊन चढतं. धूळ येते म्हणून घरातल्या सगळ्यांना गाडीवर साडी किंवा ओढणी टाकायची घाई. हे मी ठामपणे नाही म्हणून थांबवलं. कापड पातळ असलं तरी आतली हवा कोंडते आणि तापते, आणि बाहेरून आपल्याला बाळ दिसतही नाही. गाडीचं टप पुढे ओढायचं, उन्हाकडे पाठ करायची आणि दुपारी सरळ घरात राहायचं. जे पळायला जाणार आहेत त्यांच्यासाठी, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत गाडीसह पळू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि बरेच उत्पादक आठ महिने म्हणतात. मान नीट सावरायला हवी. मान न धरणाऱ्या बाळाला तर पूर्ण आडवं झोपवता येईल अशीच गाडी लागते.

पंक्चर पाचव्या दिवशी झालं. शेतावरून येताना डावं मागचं चाक बसलं, बाभळीचा काटा आरपार. मी चाक काढून खांद्याला लावलं आणि सायकलवाल्याकडे गेलो. त्याने ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडा शोधला, कानसीने घासलं, सोल्यूशन लावलं, तुकडा चिकटवला. नंतर टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचं टोक शोधून काढलं, आणि हे मी म्युनिकमध्ये कुणालाही करताना बघितलेलं नाही. अडचण फक्त व्हॉल्व्हची आली. माझा व्हॉल्व्ह मोटरच्या पद्धतीचा, त्याचा पंप सायकलचा. समोरच्या मोटरसायकलच्या दुकानात कॉम्प्रेसर होता, तिथे हवा भरली. कॉम्प्रेसर दोन सेकंदांत टायर फाडू शकतो, तेव्हा टायरच्या कडेला छापलेला आकडा वाचून सांगायचा. माझा होता ३०, मी २० वर थांबवलं. का, ते पुढे येतंच. पैसे त्याने घेतले नाहीत, "बच्ची की गाड़ी है" म्हणाला. सहा आठवड्यांत एकूण तीन पंक्चर झाली.

बोरन्हाण संक्रांतीनंतरच्या रविवारी झालं. हलव्याचे दागिने आत्याने इंदूरहून आणले होते. काळं झबलं, पाटावर बसवलेली लेक, भोवती गल्लीतली पंचवीस पोरं, आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, गोळ्या. लेक आधी दचकली आणि मग स्वतःच मूठभर चुरमुरे उधळायला लागली. या गडबडीत काकाने माळ्यावरून एक वस्तू खाली आणली. पांगुळगाडा. सागाचा, काळा पडलेला, पुढे एक चाक आणि मागे दोन. माझ्या वडिलांचा, त्यानंतर काकाचा, आत्याचा, आणि काही दिवस माझाही.

आजीने एकदा पांगुळगाड्याकडे बघितलं, एकदा ओट्याखाली उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे. "तुझी एवढी लांबून आणलेली, तीही तीनच चाकांची!"

तिचं बरोबर होतं. पांगुळगाड्यालाही तीन चाकं असतात ती याच कारणाने, शेणाने सारवलेल्या उंचसखल अंगणात तो डुगडुगू नये म्हणून. पुढचं चाकही सरळ बसवलेलं. सावंतवाडीला लाकडी खेळणी बघायला गेला असाल तर आठवत असेल. आमच्या बाजूला लाकडी खेळण्यांचं गाव म्हणजे नर्मदेच्याच काठचं बुधनी, सीहोर जिल्ह्यातलं. आमचा पांगुळगाडा मात्र गावातल्या सुताराचा. आत बाळाला बसवून फिरवायचा गोल प्लॅस्टिकचा वॉकर ही वस्तू वेगळी, तिच्यापासून लांब राहा. जिन्यावरून पडून होणाऱ्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ साली तिच्या विक्रीवर बंदीच घातली. पांगुळगाड्यात बाळ बाहेर, स्वतःच्या पायांवर उभं असतं. आमची लेक त्या दिवशी त्याला धरून उभी राहिली, पाऊल मात्र टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी ओट्याच्या पायऱ्यांपाशी येऊन उभी राहिली. आदल्या रात्री मी तिच्यासाठी तयारी करून ठेवली होती. हँडल तिच्या कमरेच्या उंचीला आणलेलं. पुढचं चाक सरळ अडकवलेलं. टायरमध्ये हवा कमी, म्हणजे गाडी जड चालेल आणि पुढे पळणार नाही. बाबागाडी हा काही चालण्याचा आधार नव्हे, हे मी तिला आणि सगळ्यांना दोनदा सांगितलं. त्यावर रेललं तर ती निसटते किंवा मागे पडते. म्हणून मनगटाचा पट्टा माझ्या हातात, माझा दुसरा हात चौकटीवर, आणि तिच्या दुसऱ्या बाजूला वहिनी, तिचा दंड धरून. तीन पायऱ्या उतरायला चार मिनिटं लागली. दोन वर्षांनी ती रस्त्यावर उभी होती.

"चल," म्हणाली, आणि ते मला होतं की लेकीला, कळलं नाही.

पहिल्या दिवशी शेजारच्या दारापर्यंत. तिथे खुर्ची ठेवलेलीच होती. चौथ्या दिवशी पिंपळापर्यंत. गल्लीतल्या बायका दारात यायच्या, बघायच्या बाळाला आणि बोलायच्या आजीशी, दोन वर्षांचं साचलेलं. कोण गेलं, कुणाच्या सुनेला काय झालं, गव्हाला पाणी किती वेळा दिलं. लेक दोन्हीकडे मान वळवून ऐकायची. सव्वाशे पावलांना अर्धा तास. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हाड भक्कम आहे, चाला. व्यायामाची मुलगी येऊन गेली होती, काका ओरडून थकले होते. तिला निघायला कारण हवं होतं, आणि "पणतीला फिरवून आणते" हे सगळ्या गल्लीला सांगता येण्यासारखं कारण होतं.

एका दिवशी नेमावरला गेलो. सिद्धनाथाचं देऊळ तिथे नर्मदेच्या उत्तर काठावर आहे, समोरच्या काठाला हंडिया. नदीच्या लांबीत हे नाभिस्थान मानतात, आणि परिक्रमावासी भेटतातच. दगडी देवळावरचं कोरीव काम बघण्यासाठी तरी जा. बाबागाडी मात्र मोटारीतच राहू द्या. घाट म्हटला की पायऱ्या, आणि पायऱ्यांवर तीन चाकं काय नि चार काय. लेक माझ्या छातीशी, आजी वरच्या फरसावर खुर्चीत. तिथूनच तिने हात जोडले, आणि वहिनीने तांब्यात वर आणलेलं पाणी लेकीच्या टाळूला लावलं.

परत येताना गाडी आणली नाही. वहिनीला मे महिन्यात बाळ होणार होतं, गाडीची खरी गरज आता तिथे. दोन जादा ट्यूब सायकलवाल्याकडून घेऊन कपाटात ठेवल्या, आणि हवेचा आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहिला, मोटरसायकलवाल्याला सांगायला. आमचं इथे त्या हलक्या छत्रीवाल्या गाडीवर भागतंय.

आजीपुढे आता वेगळी अडचण आहे. पणती नाही, नवीन बाळाला अवकाश आहे, आणि रिकामी बाबागाडी ढकलत नेणं धोक्याचं. म्हणून सध्या संध्याकाळी मी रोलेटर बघतोय. आपल्याकडे सुपरमार्केटात आज्या ढकलत असतात तो, चार चाकं, दोन हातब्रेक, बसायला पाट. १९७८ साली स्वीडनच्या आयना विफाल्क या बाईंनी तो बनवला, पोलिओमुळे त्यांना स्वतःलाच चालणं अवघड होतं. दुकानातल्या बहुतेकांची चाकं २० सेंटिमीटरची आणि टणक, म्हणजे आमच्या गल्लीत पहिल्याच फरशीला अडकणार. मोठ्या चाकांचे, हवेच्या टायरचेही मिळतात, वजनाला थोडे जास्त. मंडळातल्या कुणाच्या घरी असा पडून असेल तर कळवा. फक्त आधी ट्यूबवरचा आकडा वाचून पाठवा, मला तो सतवासच्या सायकलवाल्याला विचारायचा आहे.